परातीतला फासा

सरांची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटत आली. ती कधी गेली नाही, फक्त तिचं कारण बदलत गेलं.

पहिल्या दिवशीचं कारण म्हणजे त्यांची परात. नारायण पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत जेवणाचं टेबल, टेबलावर मधोमध कणीक मळायची मोठी स्टीलची परात, आणि परातीत वीस बाजूंचा एक फासा. माझ्या ऑफिसातला निखिल मला तिथे घेऊन गेला होता. यवतमाळहून हिंजवडीत नोकरीला येऊन मला चार महिने झाले होते. धायरीत खोली घेतली होती. पुण्यात ओळखीचं कुणी नव्हतं आणि रविवार अंगावर यायचा. निखिल म्हणाला होता, "एक खेळ आहे. सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. सर गोष्ट सांगतात, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं. जमलं की नाही ते फासा ठरवतो. मजा येते."

मी आत गेल्या गेल्या "नमस्कार, काका" म्हटलं.

"मी आपला काका नाही," ते म्हणाले. "आपल्या वडिलांना भाऊ असतील तर त्यांना म्हणा. बसा."

ते साठीच्या पुढचे होते. उंच, काटकुळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. एका कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. तयार माल मापात आहे की नाही ते बघायचं आणि नसेल तर त्यावर लाल रंग फासायचा, हे त्यांचं काम. लग्न केलेलं नव्हतं. का, ते विचारायची आमची कुणाची हिंमत झाली नाही.

त्या दिवशी मी नावाडीण झाले होते. आमची टोळी घाटातल्या एका ओसाड चौकीत शिरली आणि सरांनी उठून पंखा बंद केला. लढाई सुरू होणार असली की ते पंखा बंद करायचे, मे महिना असला तरी. मग खोलीत फक्त त्यांचा आवाज उरायचा. तो ते चढवत नसत, उलट खाली आणत.

"जिन्यावरून खुळखुळ ऐकू येतंय," ते म्हणाले. "रिकाम्या मडक्यात खडा पडावा तसं. एकेक पायरी."

त्याला ते खापरी म्हणत. भट्टीत भाजलेल्या मातीचा माणूस, आतून पोकळ. हे त्यांच्याच डोक्यातून आलेलं, कुठल्या पुस्तकातलं नव्हे. त्याच्या अंगावरून तलवार घसरते. त्याला वार लागायचा तर फाशावर पंधरा किंवा त्याहून जास्त पडायला हवं.

"आपण काय करता?"

"मले... मी वल्हं मारते त्याला."

"'मले' चालेल," ते म्हणाले. "भाषा बदलू नका, आकडा नीट सांगा. हुकलं तर काय जाईल?"

"म्हणजे?"

"फासा टाकायच्या आधी बोलायचं असतं. हुकलं तर आपलं काय जाईल?"

मी इकडेतिकडे पाहिलं. निखिल परातीकडे बघत होता. मी म्हटलं, "वल्हं मोडेल."

"टाका."

फासा स्टीलवर खणखणला, कडेला आपटला, गोल गोल घरंगळला. नऊ पडले.

"हुकलं. वल्हं मोडलं. पुढे?"

बस्स, एवढंच. हळहळ नाही, धीर देणं नाही. मी घरी आले तेव्हा माझे तळवे ओले होते. ज्या लाकडी वल्ह्याला मी कधी हात लावला नव्हता, त्याची मला रात्री जेवताना चुटपुट लागली. पुढच्या रविवारी पावणेतीनलाच मी त्यांच्या दाराशी उभी होते.

त्यांचे फासे ही एक वेगळीच गोष्ट होती. विकत आणलेला फासा ते लगेच वापरत नसत. आधी काचेच्या ग्लासात मिठाचं दाट पाणी करून त्यात तो तरंगवत आणि टिचकी मारत. सारखी एकच बाजू वर आली तर फासा एका बाजूला जड आहे. मग तो हजार वेळा टाकून बघत, आणि प्रत्येक आकडा वहीत लिहीत. जे फासे कसोटीला उतरत नसत त्यांना लाल नेलपेंट लावून लोणच्याच्या बरणीत टाकत. बरणीवर चिठ्ठी होती: नापास. दुकानातून नेलपेंट आणताना काय म्हणता, असं मी एकदा धिटाईने विचारलं. "लाल द्या म्हणतो," ते म्हणाले. "दुकानदाराला त्याहून जास्त कळून काय करायचंय?"

आमच्यातला तिसरा खेळाडू दत्ता. मूळ धायरीचाच. घरच्या जमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीखाली त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. आडदांड, मोठ्या आवाजाचा, मनाने लोण्याचा. त्याला सगळ्यात जास्त आवडायचं तलवार चालवणं, आणि सगळ्यात जास्त हुकायचं त्याचंच.

एका रविवारी तो सात वेळा लागोपाठ हुकला. सातव्या वेळी तो उभा राहिला.

"सर, ह्यो खेळ हाय का शिक्षा? आठवडाभर दुकानात गिऱ्हाईकाची बोलणी खातो, म्हटलं रविवारी एकाला तरी हाणीन. माझा गडी काय झोपंत तलवार चालवतो का?"

"सात वेळा लागोपाठ हुकणं शंभरातल्या आठ जणांच्या वाट्याला येतं," सर म्हणाले. "आज आपण त्या आठांत आहात. त्यात तक्रार करण्यासारखं काय आहे?"

निखिल तयारीने आला होता. त्याने मोबाईल काढला. "सर, बाकी सगळीकडे आता साठ-सत्तर टक्के वार लागतील असं ठेवतात. आपल्याकडे तीस टक्के. माणूस पंधरा मिनिटं आपल्या पाळीची वाट बघतो आणि हुकलं की परत पंधरा मिनिटं नुसता बसतो. लोक कंटाळून सोडून जातात."

"दार उघडं आहे."

"तसं नाही, सर..."

"निखिलराव, पंधरा हा आकडा कशाचा आहे? अंधारात, समोरून, एकट्याने मारलेल्या वाराचा. मशाल पेटवली तर बारा. दोघांनी दोन बाजूंनी घेरलं तर नऊ. तो पायऱ्या उतरत असताना दोरी आडवी बांधली तर फासाच लागणार नाही. सहा महिने झाले, एकानेही मशाल पेटवली नाही. आणि एकदाही कुणी पळालं नाही." ते थांबले. "तुम्हाला भीतीच वाटत नाही. म्हणून तुम्ही हुकता."

मला वाटत होती.

दत्ताने उत्तर म्हणून परातीतला फासा उचलला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला. खाली रस्त्यावर काहीतरी टणकन वाजलं.

सर उठले. चपला घातल्या. दोन जिने उतरून खाली गेले. आम्ही तिघं खिडकीत गोळा झालो. खाली सर एका उभ्या रिक्षाशेजारी वाकून रिक्षाच्या पोटाखाली बघत होते आणि रिक्षावाला त्यांच्याकडे बघत होता. मग त्यांनी मान वर केली.

"दत्ताजी! चौदा! एकाने हुकलं!"

वर आल्यावर त्यांनी फासा पुसून परातीत ठेवला आणि वहीत नोंद केली. "आठवं," ते म्हणाले. "पुढे?"

दत्ता आधी हसला, मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तो म्हणाला, "मशाल पेटवतो, सर."

त्या दिवसापासून आम्ही नीट खेळायला लागलो. म्हणजे घाबरून खेळायला लागलो. दाराआड कान लावून उभे राहायचो, माघारीची वाट आधी बघून ठेवायचो. माझी नावाडीण तर पळण्यात पटाईत झाली. एकदा सर मला म्हणाले, "आपल्याला भीती वाटते, ते चांगलं आहे. फक्त ती कशाची वाटते ते दर वेळी स्वतःला विचारत जा." माझं त्यांनी केलेलं एवढं एकच कौतुक.

ते धायरीला माझ्याबरोबर यायचे, म्हणजे मी त्यांच्याबरोबर जायचे. त्यांची थोरली बहीण तिथे एकटी राहायची. आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून द्यायला सर दर रविवारी संध्याकाळी तिच्याकडे जात. "वाटेतच आहे, बसा," म्हणून मला स्कूटरवर घेत. तीस-पस्तिसाच्या वेगाने जाणारा, प्रत्येक सिग्नलला थांबणारा, हात दाखवून वळणारा तो माणूस. त्या मागच्या सीटवर मी पुण्यातली पहिली दोन वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल.

आणि मग दिवाळीनंतर आमचे वार लागायला लागले.

पहिल्यांदा मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं. मी सरांच्या डाव्या हाताला बसायचे, फासा मला त्यांच्याइतकाच दिसायचा. दत्ताने फासा टाकला. मला सहा दिसले. सरांनी मान तिरकी करून परातीत पाहिलं आणि म्हणाले, "सोळा. लागलं."

दत्ताने टेबलावर मूठ आपटली. "अरं तिच्या!"

त्याच दिवशी निखिलला अठरा पडले आणि सर म्हणाले, "आठ. हुकलं." तेव्हा निखिल आणि दत्ता एकदम ओरडले, "सर, अठरा आहे!" सर पुन्हा वाकले. क्षणभर थांबले. "बरोबर. अठरा."

पुढच्या रविवारी असं तीनदा झालं. त्याच्या पुढच्या रविवारी मी मोजणं सोडून दिलं. आमच्या विरुद्ध चुकीचं वाचलं की आम्ही सांगायचो. आमच्या बाजूने चुकीचं वाचलं की कुणी बोलायचं नाही.

कंपनीच्या बसमध्ये मी निखिलला विचारलं, "तुला दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग?"

"मग काय? उशिरा का होईना, माणूस मऊ झालाय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मजा येतेय. तू घालवू नकोस."

दत्ताचं म्हणणं त्याहून साधं होतं. "सर माया करायला लागलेत. बोलू नगा, नजर लागंल."

पण ती माया नव्हती, हे मला माहीत होतं. कारण मी त्यांच्या शेजारी बसत होते. चहाचा कप उचलताना त्यांचा हात आधी टेबलावरून सरकत यायचा, मग कपाला लागायचा. वहीत लिहिलेले आकडे ओळीच्या वर-खाली जायला लागले होते. मी डावीकडून काही पुढे केलं की ते दचकायचे, जणू ते हवेतून उगवलं. मग त्यांना राग यायचा. एकदा मी सहज विचारलं, "सर, चष्म्याचा नंबर तपासलात का एवढ्यात?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत तो विषय काढला नाही. म्हणजे पाहिलं ते माझ्या कानाच्या जरा बाजूला.

आणि स्कूटर. ती आता रस्त्याच्या मधोमध, समोरच्या पीएमटीच्या मागच्या लाल दिव्यांना चिकटून चालायची. बस थांबली की आम्ही थांबायचो, बस निघाली की आम्ही निघायचो. सिंहगड रोडला पुलाचं काम चालू होतं, रस्ता पत्र्यांनी अरुंद केला होता. एकदा आम्ही त्या पत्र्याला इतके घासून गेलो की माझ्या ओढणीचं टोक त्यात अडकून फाटलं. मी नकळत पाय फूटबोर्डवर दाबत होते.

"मागे बसून ब्रेक दाबू नका," सर म्हणाले. "पोटरीत गोळे येतील."

त्यानंतरच्या दोन रविवारी मी त्यांना खोटं सांगितलं. एकदा डेक्कनला काम आहे म्हटलं, एकदा मैत्रीण येतेय. आणि बसने घरी गेले. बसच्या खिडकीतून मला ते दिसलेही एकदा, पुढे कुठेतरी, एकटे, ताठ बसून, त्या गर्दीतून जाताना. मी मान फिरवली. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जास्त लाज त्या मान फिरवण्याची वाटते. मी स्वतःला वाचवलं होतं. त्यांना नाही, आणि त्या रस्त्यावरच्या कुणालाही नाही.

तिसऱ्या रविवारी ते चपला घालता घालता म्हणाले, "हल्ली आपण येत नाही. माझ्या गाडीला वास येतो का?"

"नाही, सर."

"मग बसा."

फेब्रुवारी होता. सहा वाजले होते, उजेड बऱ्यापैकी होता. धायरी फाट्यापर्यंत मी डोळे जवळजवळ मिटूनच बसले होते. फाटा ओलांडून आत वळलो आणि रस्ता मोकळा झाला, तेव्हा मला वाटलं, झालं, पोचलो. रस्त्याच्या डाव्या अंगाला बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. त्याच्या अलीकडून एक बाई रस्त्यावर उतरली. कडेवर लेकरू, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. तिने आमच्याकडे पाहिलं. स्कूटर सावकाश येतेय, थांबेल, असं तिला वाटलं असणार. ती चालत राहिली.

स्कूटर थांबली नाही. हळूही झाली नाही.

"सर, डावीकडे! सर!"

त्यांची मान गोंधळून उजवीकडे वळली.

मी पुढे झेपावले आणि त्यांच्या काखेतून हात घालून हँडल ओढलं. मला त्या लेकराच्या पायातलं चांदीचं वाळं दिसलं, माझ्या गुडघ्याच्या इतक्या जवळ की मी ते धरू शकले असते. मग वाळू, मग स्कूटरचा आवाज, मग माझ्या मनगटात काहीतरी कट्कन झालं.

मी उठले तेव्हा ती बाई किंचाळत होती. "डोळं फुटलं का तुजं, म्हाताऱ्या? लेकरू हाय माझ्याकडं! दिसंना व्हय तुला?" लेकरू भोकाड पसरून रडत होतं. माणसं जमत होती.

सर वाळूत बसले होते. चष्मा कुठेतरी गेला होता.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"बाई होत्या, सर. कडेवर बाळ."

"कुठे?"

"आपल्या समोर."

"त्याला लागलं?"

"नाही."

"नीट बघा. लागलं का त्याला?"

"नाही, सर. कुणालाही लागलं नाही."

त्यांनी वाळूत हात टेकला, उठले, आणि आवाजाच्या दिशेने हात जोडले. "बाई, चूक माझी आहे. पूर्ण माझी." ती बाई थोडी डावीकडे उभी होती. ते जिथे हात जोडत होते तिथे कुणीच नव्हतं. हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण तिची ओरड एकदम थांबली. तिने लेकराचं तोंड पदराने पुसलं आणि माझ्याकडे बघून हलकेच म्हणाली, "यान्ला गाडी कशापायी चालवू देता ओ?"

मी दत्ताला फोन लावला.

दत्ता दुकान तसंच टाकून टेम्पो घेऊन आला आणि आम्हाला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेला. माझं मनगट मोडलं होतं. प्लास्टरसाठी बाकावर वाट बघत आम्ही तिघं बसलो होतो, मी मध्ये.

"आपल्याला कधीपासून माहीत होतं?" सरांनी समोर बघत विचारलं.

"काय, सर?"

"अहो, तीस वर्षं मी हेच केलं. टाळाटाळ मला आवाजावरून कळते."

"दिवाळीपासून."

"फासेसुद्धा?"

"हो."

"म्हणजे मी चुकीचं वाचत होतो आणि ते आपल्याला दिसत होतं."

"हो, सर."

"पण आपण दुरुस्त करत होता. अठरा आहे, सतरा आहे, असं सांगत होता."

दत्ता मान खाली घालून म्हणाला, "आमच्या फायद्याचं व्हतं तेवढंच सांगत हुतो, सर. बाकीचं गिळलं. आमाला वाटलं तुमी माया करताय." मग जरा थांबून, "मला तरी तसं वाटून घ्यायचं हुतं. सांगाय पायजे व्हतं. चुकलंच आमचं."

मी वाट बघत होते की ते आता काहीतरी धारदार बोलतील. तेच बरं वाटलं असतं. ते बोलले ते फार हळू.

"मी गणपतीच्या आधीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांच्याकडे एक यंत्र असतं. त्यात डोकं घालायचं, समोर बघत राहायचं आणि बाजूला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला ठिपके दिसेनात. पण ते केव्हा येत असतील त्याचा अंदाज बांधता येतो. म्हणून मी दाबत होतो. दिसत नसताना." त्यांनी गुडघ्यावरची वाळू झटकली. "कामगारांनी मोजमाप न करताच भरलेले तक्ते मी नुसते बघून ओळखायचो. एकाला तर त्यापायी घरी बसवलं होतं. आणि तिथे बसून मी तेच करत होतो. रिपोर्ट आणायला गेलोच नाही."

"का, सर?" दत्ताने विचारलं.

"घाबरलो हो," ते म्हणाले. "दुसरं काय?"

दोन वर्षं मी त्या माणसाला घाबरत आले होते. तो माझ्या शेजारी बसून थरथरत होता, आणि ते मला प्लास्टरच्या खोलीतून हाक येईपर्यंत कळलं नाही. मी उठले तेव्हा त्यांचा खांदा माझ्या खांद्यावरून निसटला. तोवर तो टेकलेला होता.

तपासणीत निघालं ते असं: उजव्या डोळ्यात काचबिंदू, फार पुढे गेलेला. डाव्यात मोतीबिंदू, आणि काचबिंदूची सुरुवात. मोतीबिंदू काढता आला. काचबिंदूने जे नेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून राखायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. "राहील ना?" मी विचारलं. "बऱ्याच जणांचं राहतं," डॉक्टर म्हणाले. सरांनी लगेच "बऱ्याच म्हणजे किती?" असं विचारलं नाही. पहिल्यांदाच.

शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने त्यांनी आम्हाला तिघांना बोलावलं. वही काढली, लाल पेन माझ्या हातात दिलं आणि दिवाळीपासूनच्या सगळ्या पानांवर तिरक्या रेघा मारायला लावल्या. निखिल अस्वस्थ झाला. "सर, त्या लागलेल्या वारांमुळे तर आमची पात्रं वाचली. आता ती मेली म्हणायची का?"

"नाही," सर म्हणाले. "मापणारा चुकला तर मालाला लाल लावत नाहीत."

निखिलने खिडकीकडे तोंड केलं. त्यानंतर त्याने सरांना घरी फोन करायला सुरुवात केली, दर बुधवारी, ठरवून. काय बोलतात ते मला माहीत नाही.

स्कूटर दत्ताने त्याच्या दुकानामागे नेऊन ठेवली. धायरीच्या ताई आता सरांकडेच राहायला आल्या आहेत. गोळ्यांची डबी त्या स्वतः भरतात आणि सरांच्या थेंबांच्या वेळाही त्याच सांभाळतात, आरडाओरडा करून. दर महिन्याच्या तपासणीला मी अर्धी रजा टाकून सरांना घेऊन जाते. दवाखाना चालत पंधरा मिनिटांवर आहे आणि रिक्षाला ते नाही म्हणतात.

परवा गेलो होतो तेव्हा चौकात उभे होतो. त्यांचा हात माझ्या कोपरावर होता. घट्ट. बाहेर चालताना ते आता फार बोलत नाहीत, आजूबाजूच्या आवाजांकडे लक्ष देत चालतात. माझ्या फोनवर ऑफिसातून काहीतरी आलं होतं, मी ते वाचत होते. सिग्नल बदलला, समोरची माणसं निघाली, आणि मी मान वर न करता म्हटलं, "चला, सर."

त्यांनी पाय उचलला.

तेवढ्यात उजवीकडून सिग्नल तोडून एक मोटरसायकल आली. मी "थांबा!" म्हणेपर्यंत ती आमच्या पुढून निघूनही गेली. सरांचा पाय तसाच मागे आला. त्यांनी काय झालं ते विचारलं नाही. कुठून आली, किती जवळून गेली, काहीच विचारलं नाही. फाशाचं माप स्वतः घेतल्याशिवाय दुकानदारावरही विश्वास न ठेवणारा तो माणूस, फूटपाथच्या कडेला, चेहरा जरासा वर करून, माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत शांत उभा राहिला.

मी फोन पर्समध्ये टाकला. उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. मग परत उजवीकडे पाहिलं, आणि तरी बराच वेळ मला "चला" म्हणता येईना.